कीटकभक्षक रोप आजारी पडल्यास

अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांच्या दलदलींत ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ हें कीटकभक्षक रोप उगवतें. तेथील मातींत नत्र अत्यल्प. म्हणूनच तें कीटक धरतें. कुंडींतील रोप कोमेजलें कीं मंडळी खत घालतात. परंतु खतानें व नळाच्या पाण्यांतील क्षारांनीं त्याचीं मुळें मरतात. आमचें सांगणें असें कीं, त्यास केवळ पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी, शेवाळ कुजून झालेली निःसत्त्व माती व भरपूर ऊन द्यावें. मुलांनीं सांपळे गंमतीखातर मिटवूं नयेत. थोड्याच खेपांनंतर सांपळा निकामी होतो. जुनें पान काळें पडणें स्वाभाविकच. तें कापून टाकावें. हिवाळ्यांत रोप सुकलेलें दिसलें, तरी आंतील कंद पांढरा व घट्ट असल्यास तें जिवंत आहे. तें टाकूं नये, थंड जागीं ठेवावें. वसंतांत नवें पान फुटतें.