पडद्याचे कापड : आधी खिडकी मोजा, मग रंग पाहा

रमजान अर्धा सरला की आमच्या दुकानात पडद्याच्या गिऱ्हाइकांची गर्दी सुरू होते. घराला रंग लागलेला असतो, ईद तोंडावर आलेली असते आणि प्रत्येकाला घाई असते. दुकानात शिरताच पहिला सवाल रंगाचा, दुसरा भावाचा. खिडकी किती रुंद, तिच्यावर ऊन केव्हा येते, पडदे घरी धुणार की बाहेर देणार, हे क्वचितच कोणी सांगते. खरे तर पडदा टिकणार की नाही, हे याच तीन गोष्टींवर ठरते. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही कापडाच्या गादीवर बसत आहोत. त्या अनुभवातल्या काही गोष्टी वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमची एक चूक

सन १९९४ची गोष्ट. आम्ही नुकतेच वालिद साहेबांच्या हाताखाली गादीवर बसू लागलो होतो. ईदेच्या आधी मोहल्ल्यातल्या एका खालांनी सहा खिडक्यांसाठी सुती कापड नेले. माप त्यांनी नेमके आणले होते, आम्हीही तेवढेच फाडून दिले. पहिल्या धुण्यातच पाच फुटांचा पडदा तीन इंच आटला आणि चौकटीच्या वर लटकू लागला. खाला पडदे घेऊन दुकानात आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बेटा, हे आटणार हे तुला ठाऊक होतं ना?"

ठाऊक होते. गर्दीत सांगायचे राहिले. वालिद साहेबांनी त्याच तागातले कापड बिनपैशाने दिले आणि खाली पट्टी जोडण्याची शिलाईही दुकानातून भरली. त्या दिवसापासून सुती पडद्याच्या बिलावर आम्ही 'धुतल्यावर आटेल' असे लिहून देतो.

भाव मीटरचा नव्हे, खिडकीचा काढा

सर्वात जास्त फसगत पन्ह्यात होते. समजा खिडकी ४ फूट रुंद आहे. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे काढावी, नाहीतर कडेने उजेड आत येतो. म्हणजे दांडी ६० इंच झाली. चुण्या चांगल्या पडाव्यात म्हणून कापड दांडीच्या दुप्पट लागते, म्हणजे १२० इंच. उंची ६० इंच धरली तर वरची शिवण आणि खालची दुमड मिळून १२ इंच जास्त घ्यावे. एक तुकडा ७२ इंचांचा झाला.

आता ४८ इंच पन्ह्याचे कापड घेतले तर असे तीन तुकडे लागतील, सुमारे साडेपाच मीटर. ६० इंच पन्ह्यात दोनच तुकड्यांत काम होते, सुमारे ३.७ मीटर. पहिल्याचा भाव मीटरला १५० रुपये आणि दुसऱ्याचा २०० रुपये समजा. पहिले पडते ८२५ रुपयांना, दुसरे ७४० रुपयांना. शिवाय शिंपी तुकड्यावर पैसे घेतो, तेथेही बचत. जे महाग वाटले तेच स्वस्त निघाले. म्हणून भाव विचारण्याआधी पन्हा विचारा.

मोठ्या फुलांची छपाई असेल तर प्रत्येक तुकडा एकाच फुलापासून कापावा लागतो. त्यात कापड वाया जाते. तेवढे हिशोबात धरूनच घ्या.

कोणत्या खिडकीला कोणते कापड

सुती कापड डोळ्याला थंड, स्वभावाने साधे. पण ते लांबीत शेकडा चार-पाच इतके आटू शकते आणि उन्हात रंग सोडते. सुती घ्यायचे असेल तर ७२ इंचांऐवजी ७६ इंच फाडून घ्या आणि भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्या.

पॉलिस्टर फारसे आटत नाही, लवकर वाळते, काचेआडच्या उन्हातही बराच काळ टिकते. पश्चिमेच्या खिडकीला आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत ते बरे. जाड सुती पडदा ओलसर भिंतीजवळ राहिला तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

रेशमी कापड ऊन लागले की विरते. हौस असेल तर मागे अस्तर लावूनच वापरा. अस्तर उन्हाचा मार स्वतःवर घेते, आणि ते बदलणे पडदा बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

चुलीजवळ लोंबता पडदा कोणत्याच कापडाचा लावू नये. सुती भडकन पेटते, पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते.

पारख कशी करावी

सुती म्हणून दिलेले कापड खरोखर सुती आहे का, हे एका धाग्यात कळते. ताण्याचा एक आणि बाण्याचा एक असे दोन धागे काढा आणि दुकानाबाहेर काडीने जाळून पाहा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो, मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो आणि टोकाला कडक गोळी होते. दोन्ही धागे वेगळे जळले तर कापड मिश्र आहे. मिश्र कापड वाईट नसते, पण ते सुतीच्या भावात घेऊ नये.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्याच धुण्यात भिंतीलाही लागेल. नमुना घरी नेऊन दिवसा खिडकीत आणि रात्री दिव्याखाली पाहा. दुकानातल्या दिव्यांत दिसणारा रंग घरात तसाच दिसेल, असे नाही.

तयार पडदे साधारण ४ फूट रुंद आणि ५, ७ किंवा ९ फूट लांब मिळतात. खिडकी या मापात बसत असेल तर खुशाल घ्यावेत. नसेल तर कापड घेऊन शिवलेलेच बरे.

दुकानदार बंधूंना दोन शब्द

गादीवर नव्याने बसणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना हेच सांगणे आहे की, गिऱ्हाइकाने माप आणले नसेल तर कापड फाडू नका. एक फेरी जास्त होईल, कदाचित तो दुसऱ्या दुकानात जाईल. जाऊ द्या. फाडलेले कापड परत तागात जोडता येत नाही. खाला मात्र पुढे कायम आमच्याकडेच येत राहिल्या, आणि त्यांच्या सुनांना आजही कापड आमच्याच दुकानातून जाते.