चहाचा च, चाकाचा च

घरच्या संगणकाला मराठी वाचायला लावणारं ‘ई-स्पीक एनजी’ पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं बोलतं. जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या ‘स्पीक’चा हा वंशज. त्यातले स्वर गणिताने घडवलेले असतात, म्हणून तो अगदी थोड्या जागेत मावतो आणि कळ दाबताच बोलू लागतो. ‘आवाज जरा गोड करा की,’ असं डोळस माणसं लगेच सुचवतात. स्क्रीनरीडरवर भरभर ऐकणारा माझा अंध मित्र मात्र अडखळतो तो उच्चार चुकला की. मलाही त्याचंच पटतं.

उच्चार सुधारायचे तर दोन साध्या मजकूर-फाइली उघडायच्या. एकीत अक्षरांचे नियम, दुसरीत अपवादांची यादी. च, ज, झ इथे घाम काढतात, कारण त्यांचे उच्चार दोन-दोन. पुढे इ, ई, ए आला तर प्रश्न नाही: चिमणी, जीव, चेहरा. ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झ वेगळा, हेही नियमात बसतं. पण ‘चाक’ आणि ‘चहा’? तिथे यादीच हवी. ‘चंद्र’, ‘जन्म’ असे संस्कृतातून आलेले शब्द एकेक करून भरायचे. मग अकारांचा लोप: ‘बदल’मधल्या द चा अ ऐकू येतो, ‘बदली’त तो गळतो. ‘केलं’वरचा अनुस्वार नाकात जायला नको, नुसता अ लांबायला हवा. आकड्यांत तर हमाली आहे. एकोणसाठ, त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी. शंभरपर्यंत जवळपास प्रत्येकाला स्वतंत्र नोंद लागते.

ओळ बदलायची, या फाइलींचा कोश पुन्हा संकलित करायचा, ऐकायचं. कानाचा भरवसा वाटेना तर संगणकाने नेमके कोणते ध्वनी निवडले ते रोमन खुणांत छापून घेता येतं. एक नियम सैल केला की भलत्याच शब्दाचा उच्चार बिघडतो, म्हणून जुनी वाक्यं पुन्हा वाचून घ्यावी लागतात. मित्र मान हलवेपर्यंत हे चालतं.

हे काम जुनाट यंत्रासाठी आहे असं कुणी समजू नये. ‘पायपर’ या वाचक-प्रणालीचे न्यूरल आवाज कानाला पुष्कळ माणसासारखे वाटतात, पण त्यांतले बहुतेक आवाज अक्षरांचे ध्वनी ई-स्पीककडूनच मागून घेतात.

‘जग बदलतंय’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतले दोन ज मात्र अपवादांच्या यादीत मावत नाहीत. तिथे आधी वाक्य कळावं लागतं.