मेंदूतली चुकलेली वाट

परभणी जिल्ह्यातल्या शाळांत अपस्माराविषयी बोलायला गेलो, की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'फिट आल्यावर कांदा हुंगवायचा की चप्पल?' आणि जरा हळू आवाजात, 'आईने ग्रहण पाळले नाही, म्हणून असे झाले का?' पहिल्याचे उत्तर सोपे: दोन्ही नको. दुसऱ्यासाठी मेंदू कसा घडतो ते पाहावे लागेल.

मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी बेताल विद्युत-संदेश पाठवू लागल्या, की फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येणे म्हणजे अपस्मार. जन्मताना गुदमरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत शिरणे अशी त्याची अनेक कारणे आहेत. काही मुलांत मात्र कारण मेंदूच्या घडणीतच असते.

गर्भाच्या मेंदूत चेतापेशी आतल्या पोकळ्यांच्या काठी जन्मतात आणि दोरीवर वेल चढावा तशा आधारपेशींच्या धाग्यांवरून पृष्ठभागाकडे सरकतात. नंतरच्या पेशी आधीच्यांना ओलांडून वर जातात आणि थर रचले जातात. काही पेशी वाटेतच थांबल्या किंवा थर विस्कटले, तर तिथून फिट सुरू होऊ शकते. लंडनच्या डॉ. टेलर व सहकाऱ्यांनी १९७१ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या भागात असे विस्कटलेले थर आणि अवाढव्य पेशी पाहिल्या. अशा काही रुग्णांत 'एमटॉर' या जनुकातला बदल मेंदूच्या थोड्याच पेशींत असतो, असे कोरियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. हा बदल आईबापांकडून येत नाही. गर्भ वाढताना एखाद्या पेशीत घडतो. काही विकृती आनुवंशिक असतात, पण तोही कोणाचा अपराध नव्हे. ग्रहणाचा तर संबंधच नाही.

सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात. योग्य मात्रेत दोन औषधे घेऊनही त्या थांबल्या नाहीत, तर नुसत्या गोळ्या बदलत वर्षे घालवू नयेत. एमआरआय आणि ईईजी करून दोषाची जागा शोधावी. दोष एकाच ठिकाणी आणि वाचा किंवा हालचालीच्या केंद्रांपासून दूर असेल, तर तेवढा भाग काढता येतो. तो पूर्ण निघाला तर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या फिट थांबतात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होतात; मुंबईच्या केईएम रुग्णालयातही होतात. दोष पसरलेला असल्यास औषधांवर भर द्यावा लागतो.

शिक्षकांनी काय करावे? मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर दवाखाना गाठावा. आणखी एक करावे: आधी कोणता हात झटकू लागला, मान कोणीकडे वळली, हे लिहून पालकांजवळ द्यावे. दोषाची जागा शोधताना डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो.