सायकलीतून सूर काढणारा झॅपा

सायकल तुमच्या दारात उभी असेलच. डेअरीवर दूध पोचवायला, पोरांना हायस्कुलात जायला ती कामी येते. चेनला तेल नसले की ती किरकिरते, आणि पोरे तिच्या चाकात पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून फटफटीचा आवाज काढत गावभर हिंडतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण सायकल हे एक वाद्य आहे आणि ते वाजवायला माणसाला टीव्हीवर बोलावतात, असे कुणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, याला ऊन लागले आहे.

तरी हे घडले आहे. साल १९६३, देश अमेरिका. स्टीव्ह ॲलन नावाच्या विनोदी गृहस्थाचा मुलाखती आणि करमणुकीचा कार्यक्रम तिकडच्या टीव्हीवर चाले. त्यात बावीस वर्षांचा एक तरुण आला. अंगात कोट, गळ्यात टाय, दाढीमिशी सफाचट, आणि चेहरा नव्याने रुजू झालेल्या ग्रामसेवकासारखा गंभीर. सोबत दोन सायकली. नाव फ्रँक झॅपा. पुढे याच माणसाने केस वाढवले, जाड मिशा राखल्या आणि रॉक संगीतात, म्हणजे गिटार आणि ड्रमच्या त्या दणदणीत संगीतात, मोठे नाव कमावले.

ॲलनने विचारले, सायकल किती दिवसांपासून वाजवतोस? झॅपा शांतपणे म्हणाला, दोनेक आठवडे झाले असतील. लोक हसले, हा मात्र हसला नाही. मग त्याने प्रात्यक्षिक दाखवले. चाकाच्या तारा बोटांनी छेडल्या, त्यांच्यावर व्हायोलिनसारखा गज फिरवला, काठ्यांनी सांगाड्यावर ठोके दिले, हँडलच्या नळीत फुंकर मारली. ॲलन मध्ये मध्ये टोमणे मारत होता आणि शेवटी तोही वाजवायला बसला. स्टुडिओतल्या पगारी वादकांना झॅपाने सांगितले की तुम्ही आपापल्या वाद्यांतून नेहमीचे सूर सोडून दुसरे वाटेल ते आवाज काढा. आणि या सगळ्या गोंधळात झॅपाने आधीच तयार करून आणलेली एक फीत वाजत होती.

लोकांच्या ध्यानात सायकली राहिल्या. आपण त्या फितीकडे पाहू. त्या काळी विजेच्या यंत्रांवर संगीत करायचे म्हणजे टेपरेकॉर्डरशी झटापट करायची. आवाज फितीवर उतरवायचा, ब्लेडने फीत कापायची, चिकटपट्टीने हवी तशी जोडायची, उलटी चालवायची, वेग वाढवायचा किंवा कमी करायचा. मिनिटभराच्या संगीतासाठी दिवस जात. हा नाद झॅपाला कुठून लागला तेही ऐकण्यासारखे आहे. एडगार वारेझ नावाचे एक फ्रेंच संगीतकार अमेरिकेत राहत. नव्या यंत्रांतून नवे सूर यावेत याचा ध्यास घेतलेल्या मूठभर लोकांत त्यांचे नाव मोठे. झॅपाच्या पंधराव्या वाढदिवसाला त्याच्या आईने पाच डॉलर खर्चायचे कबूल केले. पोराने कपडे मागितले नाहीत की खेळणे. वारेझना दूरचा फोन लावून दे म्हणाला. फोन लागला, पण वारेझ परदेशी गेले होते, त्यांची पत्नीच बोलली. पोर एवढ्यावरही खूश.

वीस वर्षे उलटली. १९६६ साली पहिली तबकडी निघाली, पुढे डझनांनी निघाल्या, नाव झाले. पण झॅपाची खरी भूक गिटारची नव्हती. त्याला शंभर शंभर वादकांसाठी कागदावर लिहिलेले अवघड संगीत लिहिलेय तसेच ऐकायचे होते. १९८३ च्या जानेवारीत त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घालून लंडनचा प्रसिद्ध सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी लावला. काम चालले होते. मधल्या सुट्टीत तुतारीवाले, म्हणजे ट्रम्पेटवाले, समोरच्या गुत्त्यात गेले. आले ते उशिरा, आणि आले ते झोकून. मग जे वाजले त्यात इतक्या चुका की झॅपाला पुढे कितीतरी ठिकाणी ध्वनिमुद्रण कापून सांधावे लागले. मजूर लावून नांगरट करून घ्यावी आणि तास वाकडे निघावेत, वर मजुरी पुरी मोजावी, तशी गत.

याच सुमारास त्याच्या घरी एक यंत्र आले. नाव सिंक्लेव्हियर. न्यू इंग्लंड डिजिटल नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवलेले. दिसायला हार्मोनियमसारखी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची रांग, शेजारी संगणक आणि पडदा. करायचे काय, तर कोणताही आवाज त्यात भरायचा. आवाज यंत्रात भरतात म्हणजे काय, हे असे समजून घ्या. विहिरीतल्या पाण्याची पातळी तुम्ही तासातासाला वहीत लिहून ठेवलीत, तर ती वही वाचून पाणी कसे चढले-उतरले हे दुसऱ्याला हुबेहूब काढून दाखवता येईल. आवाज ही हवेतली लाट. यंत्र तिची उंची मोजून आकड्यांत लिहून ठेवते, पण तासाला नव्हे, सेकंदाला हजारो वेळा. सीडीच्या तबकडीवर ही नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा असते. एकदा आवाजाचे आकडे झाले की मग काय, ते हवे तसे मांडा. पट्टी दाबली की बासरी, दुसरी दाबली की काच फुटल्याचा आवाज. पडद्यावर स्वरलिपी दिसते, तिथे एक टिंब हलवले की सूर हलतो. ब्लेड आणि चिकटपट्टीचे दिवस संपले.

या यंत्रावर झॅपाने काय केले? त्याच्याच आडनावाचा एक इटालियन संगीतकार अठराव्या शतकात होऊन गेला. भाऊबंदकीतला नव्हे, नुसता नावबंधू. त्याचे विसरलेले संगीत शोधून काढून १९८४ साली यंत्राकडून वाजवून घेतले आणि तबकडी काढली. झॅपाच्या कंपनीचे नाव होते ‘बार्किंग पम्पकिन’, म्हणजे भुंकणारा भोपळा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका तबकडीवर, पॅरिसच्या खऱ्याखुऱ्या वादकांच्या नावाशेजारी, यंत्राचेही नाव भोपळ्याचा वाद्यवृंद म्हणून छापले होते! १९८६ साली निघालेल्या ‘जाझ फ्रॉम हेल’ मध्ये एक रचना सोडून बाकी सगळे यंत्राचे काम. तिला १९८८ साली ग्रॅमी मिळाले. तिकडे संगीतात ग्रॅमी म्हणजे मोठा मान.

टीव्हीवाले त्याच्या घरच्या स्टुडिओत येऊन विचारत, आता वादकांचे काय? त्याची जीभ तेव्हाही तिखट होती. १९८९ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याने लिहिले की यंत्र दारू पीत नाही, त्याला घरमालक बाहेर काढत नाही, आणि अडीअडचणीला त्याचे बिऱ्हाड हलवून द्यावे लागत नाही. वाचून हसू येते. पण तुमच्या गावच्या लग्नात क्लॅरिनेट वाजवणारा जो म्हातारा होता, त्याच्या जागी एका पोराचा कीबोर्ड आला, तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या घरी कुणी हसले नसेल. मोट गेली आणि मोटर आली तेव्हा बैलांनी तक्रार केली नाही, हे खरे. पण वादक म्हणजे बैल नव्हे. झॅपाचे बोलणे मला इथे अर्धेच पटते. गुत्त्यातून झुलत आलेल्याचा राग समजतो. पण चार-दोघांच्या पापाची शिक्षा साऱ्या जातीला कशाला? शिवाय ते यंत्र इतके महाग की सामान्य वादकाला जन्मभर राबूनही घेता आले नसते.

मात्र झॅपा एकतर्फी बोलणारा नव्हता. प्रसंग पाहून, ऐन वेळी गंमत करावी, समोरच्या लोकांकडे बघून सूर फिरवावा, हे यंत्राला सुचत नाही, हेही त्यानेच सांगितले. तमाशातल्या सोंगाड्याला जे सहज सुचते ते. आणि माणसांचा सोस त्याला सुटला नव्हताच. १९८८ साली बारा जणांचा ताफा घेऊन तो दौऱ्यावर निघाला. ताफ्यात भांडणे झाली, दौरा अर्ध्यावर मोडला, पैसा बुडाला.

पुढे जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या ‘एन्सेंबल मॉडर्न’ या तरुण वादकांनी त्याला गाठले. १९९१ साली ते लॉस एंजलिसला जाऊन राहिले, तालमी केल्या. तोवर झॅपाला प्रोस्टेटच्या कर्करोगाने धरले होते. ‘जाझ फ्रॉम हेल’ मधली एक रचना इतकी वेगवान आणि आडवळणाची होती की ती माणसाच्या बोटांना जमणार नाही, यंत्रानेच वाजवायची, असे मानत. या पोरांनी ती बसवली. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रँकफुर्टच्या रंगमंचावर आजारी झॅपा स्वतः उभा राहिला, हात उचलला आणि यंत्रासाठी रचलेले संगीत माणसांनी वाजवले. लोक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. त्या कार्यक्रमांची तबकडी १९९३ च्या नोव्हेंबरात आली. ४ डिसेंबरला झॅपा गेला. वय ५२.

यंत्रावरचे त्याचे शेवटचे मोठे काम १९९४ साली बाहेर पडले. त्यात सिंक्लेव्हियर आहे, एन्सेंबल मॉडर्नच्या पोरांनी भरून दिलेले सूर आहेत, आणि १९६७ सालचे एक जुने ध्वनिमुद्रणही आहे. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत झॅपाने मोठ्या पियानोच्या पोटात माइक ठेवले, पायपट्टीवर वजन ठेवून तारा मोकळ्या सोडल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितले, आत डोके घाला आणि वाटेल ते बोला. माणसे बोलत गेली, आणि त्यांच्या बोलण्याबरोबर पियानोच्या तारा आपोआप गुणगुणत राहिल्या.