शोधनिबंध वाचतो कोण?

२००८ साली गोटिंगेन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक निबंध ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकाच्या ‘ए’ विभागात छापून आला. स्फटिकातून क्ष-किरण पाठवून रेणूची रचना शोधणाऱ्यांसाठी शेल्ड्रिक यांनी कित्येक वर्षं खपून ‘शेलेक्स’ नावाच्या संगणक-आज्ञावली तयार केल्या होत्या. या आज्ञावलींचा इतिहास त्यांनी या निबंधात सांगितला. या आज्ञावली वापरणाऱ्यांना दाखला द्यायचा असेल तर याच निबंधाचा देता येईल, असंही सारांशात नोंदवून ठेवलं. जगभरातल्या प्रयोगशाळा शेलेक्स वापरत होत्याच, त्यामुळे या एका निबंधाला हजारो दाखले मिळाले. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ तोवर २ च्या आसपास असे, तो २००९ साली ५० ला जाऊन टेकला. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’सुद्धा मागे पडली. २०११ साली तो पुन्हा होता तिथे, म्हणजे २ वर आला.

मधल्या काळात त्या नियतकालिकातले बाकीचे निबंध अचानक थोर झाले नव्हते आणि नंतर सुमारही झाले नाहीत. तरी त्या दोन वर्षांत तिथे लिहिणारा कोणीही नोकरीच्या अर्जात ‘५० इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये लेखन’ असं लिहू शकत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एका माणसाच्या कष्टाचं माप शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पदरात पडत होतं.

इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशेब सोपा आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या निबंधांचे दाखले यंदा किती वेळा दिले गेले ते मोजायचं आणि त्याला त्या निबंधांच्या संख्येने भागायचं. शेल्ड्रिक यांचा निबंध २००९ आणि २०१० च्या हिशेबात धरला गेला, २०११ मध्ये दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला. ही सरासरी आहे, आणि वर्गात एकाला शंभर गुण मिळाले म्हणून सगळा वर्ग हुशार ठरत नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. विद्यापीठांच्या निवड समित्यांना मात्र ते दीर्घकाळ कळलं नाही, किंवा कळूनही सोयीचं वाटलं नाही.

मुळात ही मोजणी माणसांसाठी नव्हतीच. १९२७ साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातले दाखले मोजले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कोणती नियतकालिकं घ्यावीत, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढे १९५५ साली यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये दाखल्यांच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. एखादी कल्पना पुढे कोणी उचलली, कोणी खोडून काढली, हे शोधण्याचं ते फार सुंदर साधन होतं. इम्पॅक्ट फॅक्टरही त्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवताना जन्माला आला. ग्रंथपालाची फूटपट्टी होती ती. तिने प्राध्यापकांची उंची मोजायला पुढे इतरांनी सुरुवात केली; व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी हा आकडा वापरण्यातला धोका खुद्द गारफील्ड यांनी वारंवार सांगितला होता.

मग माणसांसाठी वेगळा आकडा आला. २००५ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-इंडेक्स’ सुचवला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा दाखले आहेत, त्याचा एच-इंडेक्स दहा. नुसते खंडीभर निबंध लिहून तो वाढत नाही, हा त्याचा गुण. पण गणितात दाखले सावकाश आणि थोडे पडतात, वैद्यकशास्त्रात भराभर पडतात. दोघांना एकाच तराजूत घातलं की गणिती हलका भरतो. शिवाय आकडा बनावटही निघू शकतो. २०१० साली ग्रेनोबल इथले संगणकतज्ज्ञ सिरिल लाबे यांनी ‘आइक अँटकारे’ नावाचा शास्त्रज्ञ कागदावर जन्माला घातला, संगणकाकडून त्याच्या नावे शंभरावर निरर्थक निबंध लिहवून घेतले आणि त्यांना एकमेकांचे दाखले द्यायला लावले. गूगल स्कॉलरवर या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला.

संस्थांची क्रमवारी हा याच मोजणीचा मोठा भाऊ. २००३ साली शांघायच्या जिआओ तुंग विद्यापीठाने जगातल्या विद्यापीठांची यादी काढली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स पदकं मिळवलेले माजी विद्यार्थी व शिक्षक यांना, २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या निबंधांना. वर्गात शिकवणं कसं चालतं, याला थेट गुण नाहीतच. दुसऱ्या याद्यांमध्ये संस्थेने स्वतः भरून दिलेली माहिती असते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने एका नामांकित क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले आणि वर्गातल्या विद्यार्थिसंख्येपासून कितीतरी बाबतींत ते पटत नसल्याचं जाहीर केलं. विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली. दुसऱ्या क्रमांकावरचं कोलंबिया त्या वर्षी अठराव्या क्रमांकावर आलं. शिकवणं मात्र आदल्या वर्षी होतं तसंच होतं.

भारतात हे माप पगाराला जोडलं गेलं, आणि इथे नुकसान खोलवर झालं. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ‘एपीआय’ हा कामगिरीचा निर्देशांक आणला: शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, चर्चासत्रातल्या निबंधवाचनाला इतके. बढतीच्या, म्हणजे ‘कॅस’च्या फायलीत ते गुण भरायचे. तालुक्याच्या महाविद्यालयात आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या, परीक्षा आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीची नॅकची कागदपत्रं सांभाळणाऱ्या शिक्षकाला संशोधनासाठी ना वेळ मिळाला ना प्रयोगशाळा. गुण मात्र हवेच होते. गरज निर्माण झाली तसा बाजार उभा राहिला. पैसे भरा, चार दिवसांत छापून घ्या, आयएसएसएन क्रमांक आमच्याकडे आहे, असं सांगणारी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. दोष त्या शिक्षकांच्या माथी मारणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. ज्याला उत्तम शिकवता येतं त्याला उत्तम शिकवण्याचे गुण मिळाले असते, तर त्याने असा निबंध कशाला छापला असता?

या बाजाराचा हिशेब पुण्यात मांडला गेला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नियतकालिकं होती. त्यांतली काही नमुन्यादाखल निवडून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. अभ्यास २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी कसोटीला उतरली फक्त ११२. तिसऱ्या हिश्शाहून जास्त नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावंच धड नव्हती. निम्म्याहून जास्त ठिकाणी खोटी माहिती होती, आणि तिच्यात खोटा इम्पॅक्ट फॅक्टरही होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे पुणे विद्यापीठातल्याच कक्षाच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ यादी तयार झाली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही गेली.

पण चांगलं काम कसं ओळखायचं, हा प्रश्न वाईट नियतकालिकं हाकलून सुटत नाही. दोन उदाहरणं इथलीच आहेत.

रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ मराठीत आलं, त्याला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंढरीच्या देवाचं मूळ शोधताना त्यांनी स्थलपुराणं, शिलालेख, लोककथा, धनगरांचं दैवत असं सगळं एकत्र आणलं. पटो न पटो, त्यांच्याशी वाद घातल्याशिवाय विठ्ठलाविषयी पुढे काही लिहिताच येत नाही. हे पुस्तक इंग्रजीत आलं २०११ साली, अ‍ॅन फेल्डहाऊस यांच्या भाषांतरामुळे. मधल्या अडीच दशकांत आंतरराष्ट्रीय सूचींच्या हिशेबात या कामाचं वजन जवळजवळ नव्हतंच. २०१५ च्या ‘लायडन जाहीरनाम्या’ने आकड्यांच्या वापरासाठी दहा तत्त्वं सांगितली, त्यांतलं एक स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या, हे आहे. मराठी विद्यापीठीय जगाने ते भिंतीवर लिहून ठेवावं इतकं आपल्या कामाचं आहे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: श्वास मोजणं, वजन घेणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. तुलनेसाठी ४७ गावं होती. हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, तिथे तिसऱ्या वर्षी आकडा २५ च्या आसपास आला. निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याला दाखलेही पुष्कळ मिळाले. पण त्याचं खरं माप दुसरीकडे आहे: २०११ पासून देशभरातल्या आशा ताई नवजात बाळाच्या घरी जाऊन जे करतात, त्याचा आधार हे काम आहे. त्या ताईंपैकी कोणीही निबंध लिहून दाखला देत नाही. कुठल्याही एच-इंडेक्समध्ये त्यांची घरभेट मोजली जात नाही.

असा परिणाम हिशेबात घेण्याचा प्रयत्न ब्रिटनने केला. तिथे १९८६ पासून विद्यापीठांच्या संशोधनाचं ठराविक वर्षांनी मूल्यमापन होतं आणि त्यावर सरकारी पैसा वाटला जातो. २०२१ च्या फेरीत एकूण गुणांपैकी २५ टक्के, संशोधनाने विद्यापीठाबाहेर काय बदललं, यासाठी राखून ठेवले होते. ते सांगायला ६,७८१ वृत्तांत सादर झाले. शिवाय १,८५,००० हून जास्त शोधनिबंध, पुस्तकं आणि इतर कामं. परीक्षक मंडळांना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर बघण्याची मनाई होती. काम उघडून बघायचं आणि दर्जा ठरवायचा. या फेरीचा खर्च सुमारे ४७ कोटी पौंड धरला गेला. तिथल्या प्राध्यापकांच्या तक्रारीही खूप आहेत. वृत्तांत लिहिणं हाच वेगळा धंदा झाला, ही त्यांतली खरी. तरीही वाचणाऱ्याला महत्त्व देणारी ही पद्धत, मोजणाऱ्याला महत्त्व देणाऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी माणसाळलेली आहे.

भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी बंद केली. कोणतं नियतकालिक चांगलं हे आता संस्थांनी स्वतः, दिलेल्या सूचक निकषांवर ठरवायचं आहे. निर्णय धाडसी आहे, कारण यादीचा आडोसा गेला. उद्या नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयात सहकाऱ्याचं काम पारखायला बसलेल्या समितीला निबंध उघडावाच लागेल. एक निबंध नीट वाचायला अर्धा दिवस जातो, वीस अर्ज असले तर पंधरवडा. ते तास सोळा तासांच्या कार्यभारात कुठेतरी धरावे लागतील, आणि त्या वाचनाचेही गुण द्यावे लागतील.