आबांचा चर



शेतकी खात्यातल्या माणसाचा लेख म्हटला की त्यात खतांच्या मात्रा, फवारणीचे दिवस आणि बियाण्याची जात एवढेच असणार, असे तुम्ही धरून चालता. तुमचे चुकते असेही नाही. गेली 31 वर्षे मी तेच बोलत आलो आहे. आता निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, तेव्हा एकदा स्वतःच्या बांधावरची गोष्ट सांगावी म्हणतो. गोष्ट माझ्या चुकीची आहे, आणि ती मिरज तालुक्यात, वारणाकाठी, आमच्या घरच्या साडेचार एकरांत घडली आहे.

आमचे रान भारी काळे. पाणी धरून ठेवणारे, ओले झाले की पाय न सोडणारे. आमच्या आजोबांनी, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, रानाच्या खालच्या अंगाला एक चर काढला होता. कमरेइतका खोल आणि वर तोंडाशी दहा फूट रुंद. तो आमच्या रानाच्या कडेने निघून पुढे शेजारच्या तात्यांच्या बांधाला लागून ओढ्याला मिळे. तात्या म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. दर उन्हाळ्यात दोन्ही घरचे गडी मिळून तो चर उपसत. लहानपणी आम्हाला त्याचा उपयोग एवढाच, की पावसाळ्यात त्यात खेकडे सापडत.

1991 साली कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून मी बी. एस्सी. होऊन घरी आलो. नोकरी लागायला अजून तीन वर्षे होती. हातात पदवी आणि डोक्यात हिशेब. चराची लांबी-रुंदी मोजली, तर पाच गुंठे रान त्यात अडकलेले. उसाच्या भावाने मी त्याचे पैसे काढून वडिलांपुढे मांडले.

"आबांनी काढलाय," आण्णा म्हणाले. "काहीतरी बघूनच काढला असंल."

"आण्णा, आबांच्या वेळी पावसाचं पाणी होतं. आता आपलं पाणी पाइपातनं येतं, आपल्याला पाहिजे तेवढंच येतं," मी म्हणालो.

आण्णा पुढे बोलले नाहीत. शिकलेल्या मुलापुढे बाप गप्प बसतो, ते पटते म्हणून नव्हे, हे मला फार उशिरा समजले. आम्ही ट्रॅक्टर लावून चर बुजवला. आमचा बुजला म्हणून तात्यांनीही आपल्याकडचा बुजवला. पहिली चार-पाच वर्षे त्या बुजवलेल्या पट्ट्यावरच सगळ्यात जोरदार ऊस आला, आणि येईल त्या पाहुण्याला मी तो पट्टा दाखवीत असे.

1994 साली मी खात्यात लागलो आणि जत तालुक्यात गेलो. जतला बायामाणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. तिथे पाणी जास्त होण्याची गोष्ट कोणी काढली असती, तर लोक हसले असते. मी शेततळी, बांधबंदिस्ती, ठिबक यांत गुंतलो. घरी येणे सणावारी.

अशाच एका दिवाळीला, 1998 साली, तात्यांनी मला रानात नेले. त्यांच्या खालच्या कोपऱ्यात माती पांढरी पडली होती, मीठ शिंपडल्यासारखी. उसाची उगवण निम्मी. मी वाकून माती हातात घेतली आणि साहेबी थाटात सांगितले, "तात्या, जिप्सम टाका." माती तपासली नाही, खड्डा काढून खाली पाणी कुठे आहे ते पाहिले नाही. तात्यांनी पैसे घालून पोती आणली, टाकली, आणि काहीही झाले नाही. व्हायचेच नव्हते.

ते का, हे तुम्हाला नीट सांगतो, कारण कृष्णा-वारणेच्या काठी हे दुखणे हजारो एकरांवर आहे. पाटपाण्याने सऱ्या तुडुंब भरल्या की जादा पाणी खाली मुरते. भारी जमिनीत ते लवकर निघून जात नाही. वर्षामागून वर्ष भूजल वर चढत राहते. ते मुळांच्या जवळ आले, की कंदिलाची वात जसे रॉकेल ओढते तशी माती खालचे पाणी वर ओढते. ऊन पाणी घेऊन जाते आणि क्षार मागे ठेवते. ही झाली खारवट जमीन. तिच्यात सोडियम वाढला की ती चोपण होते. मग ओली असताना साबणासारखी निसटते आणि वाळली की दगड होते. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला, आणि तोही सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट असेल तरच. तात्यांची वाट तर मीच बुजवून टाकली होती.

इंग्रजी अमदानीत नीरा कालव्याच्या भागात हेच घडले होते. जमिनी खराब झाल्या, आणि त्या सुधारण्यासाठी निचऱ्याचे चर काढावे लागले. हे मी कॉलेजात पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. आबांचा चर हा निचऱ्याचा चर आहे, एवढेच तेवढे लक्षात आले नाही.

आमच्याकडे लक्षण पहिल्यांदा ओळखले ते वहिनींनी. भांगलताना त्या म्हणाल्या, "खालच्या अंगाला माती पायाला कशीतरीच लागती, तेलकट." दादाने हसण्यावारी नेले. फोनवर मला सांगितले तेव्हा मीही नेले. बंधूंनो, रानात अनवाणी चालणाऱ्या बाईमाणसाच्या पायाला जे कळते, ते आपल्याला कागदावर यायला दोन वर्षे लागतात. 2005 च्या महापुरानंतर आमचे खालचे दीड एकर गेले. लागण कशीबशी येई, खोडवा नाहीच. 2009 साली आण्णा गेले. चराबद्दल ते अखेरपर्यंत मला एक शब्द बोलले नाहीत. दादा मात्र तेराव्याच्या दिवशी बोलला: "तू साहेब झालास. रान माझ्या पदरात राहिलं." त्यानंतर आमचे बोलणे कामापुरते.

पुढे माझी बदली मिरजेला झाली आणि आम्ही सतारमेकर गल्लीजवळ भाड्याने राहिलो. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात लढाया संपल्या, हत्यारांचे काम गेले, तेव्हा त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि त्यातून नवी वाद्ये घडवू लागले. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानातून. तो खायचा नव्हे, कडू. वेलावरच पक्का होऊ देतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. माझ्या पदवीच्या चार वर्षांत या पिकाचे नावही कोणी काढले नव्हते. एका म्हाताऱ्या कारागिराने तेवढ्यावरून माझी बरीच थट्टा केली.

त्यांच्याकडे एकदा एक जुना तंबोरा दुरुस्तीला आला होता. तासभर ते तो नुसता उलटसुलट करून पाहत होते. मी विचारले, "चाचा, कामाला सुरुवात कधी?"

ते म्हणाले, "साहेब, याला आधी कुणाचा हात लागलाय, त्यानं काय केलंय अन्‌ कशासाठी केलंय, ते कळल्याबिगर मी हत्यार लावत नाही."

घरी आलो, जेवणावर मन लागेना. आबांनी चर का काढला, हे मी आण्णांना कधी विचारलेच नव्हते. आता विचारायला आण्णा राहिले नव्हते.

2016 च्या एप्रिलात मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. 11 तारखेला पहिली गाडी निघाली, दहा टाक्यांची, पाच लाख लिटरची. मिरजेच्या लोकांना त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. त्याच आठवड्यात गावी गेलो. भर उन्हाळ्यात आमच्या खालच्या रानात दादाने पहारीने तीन फूट खड्डा घेतला, आणि चहा होईपर्यंत तो पाण्याने भरला. दादा काही बोलला नाही. मीच म्हणालो, "निचरा काढू या. पाइपाचा."

भूमिगत निचरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साडेतीन-चार फूट खोलीवर छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपांच्या ओळी टाकतात. गाळ जाऊ नये म्हणून त्यांना गाळणीचे कापड गुंडाळलेले असते. दोन ओळींतले अंतर जमिनीच्या मगदुरावर ठरते, आमच्यासारख्या भारी रानात साधारण 50 ते 80 फूट. सगळ्या ओळी एका मोठ्या पाइपाला जोडतात आणि तो उताराने ओढ्यात काढतात. एकरी खर्च लाखाच्या घरात जातो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या क्षेत्रात शेकडो शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे केले आहे. राहुरीच्या विद्यापीठाचे संशोधन केंद्र तर आमच्याच तालुक्यात, कसबे डिग्रजला आहे. माहितीची वाण नव्हती.

वाण होती वाटेची. पाइप ओढ्याला न्यायचा तर तात्यांच्या रानातून न्यायला हवा, आणि तात्यांनी दादाला बांधावरूनच परत पाठवले होते.

मी गेलो. तात्या ऐंशीच्या घरात होते, सोप्यात बसले होते. बसायला घोंगडे टाकले, पण चहा सांगितला नाही. आमच्याकडे याचा अर्थ कळतो. मी योजना, अनुदान, नकाशा काढू लागलो. त्यांनी हात वर केला.

"त्ये ऱ्हाऊ द्या, साहेब. जिप्समाची किती पोती टाकली हुती म्या, ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हते. त्यांना आकडा तोंडपाठ होता, भावासकट.

मग मी सांगितले, जे आधी सांगायला हवे होते. चर मी बुजवायला लावला. आण्णांची इच्छा नव्हती. तुमचा कोपरा त्यामुळे गेला. जिप्सम मी माती न तपासता सांगितले. पुतण्या म्हणून सांगतो, साहेब म्हणून नव्हे. तात्या बराच वेळ तंबाखू मळत बसले. शेवटी म्हणाले, "तुझ्या आबानं आनि माझ्या बापानं त्यो चर मिळून काढला हुता. एका सालात दोघांचंबी रान पाण्यानं कुजलं, तवा." एवढे म्हणून त्यांनी आतल्या अंगाला हाक मारली आणि चहा सांगितला.

मला जे विचारायचे राहून गेले होते, ते असे कळले.

तात्यांनी अट घातली: पाइप माझ्याही रानात पडला पाहिजे, आणि तोंड साफ ठेवायची पाळी वर्षाआड. वरच्या अंगाचे आणखी तीन खातेदार मिळाले. त्यांना मिळवताना दोन वर्षे गेली. कुणाचा वाटणीचा दावा, कुणाचा मुलगा पुण्याला. 2018 च्या उन्हाळ्यात ऊस तुटल्यावर पाइप पडले. पहिल्या पावसात तोंडातून पाणी धो-धो वाहू लागले. दादाने ओंजळीत घेऊन चाखले आणि थुंकले, इतके खारट. त्या वर्षी धैंचा पेरून गाडला, पुढे गहू घेतला, तो ठिकठिकाणी विरळ आला.

आणि 2019 च्या ऑगस्टात महापूर. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. आमचे रान आठवडाभर पाण्याखाली. रस्ते खुले झाल्यावर मी पोचलो, तेव्हा ओढ्याच्या काठावर दादा आणि तात्यांचा नातू मांडीभर चिखलात उभे राहून पाइपाचे तोंड मोकळे करीत होते. तात्या वर पोत्यावर बसून सूचना देत होते. मला पाहून म्हणाले, "साहेब, बूट काढा."

2022 च्या गळिताला त्या दीड एकरात फुले 265 जातीचा ऊस एकरी 42 टन गेला. बिघडण्यापूर्वीचे उत्पादन अजून गाठलेले नाही. पाणी आता ठिबकवर आहे, सऱ्या तुंबवणे बंद. तात्यांच्या कोपऱ्यात अजूनही दोन-तीन गुंठे टक्कल राहिले आहे. येत्या मे महिन्यात तिथली माती पुन्हा तपासायला न्यायची आहे, आणि या खेपेला नमुना वहिनी काढणार आहेत. नेमका कुठून काढायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.