जात्यावरच्या ओव्या (बीड जिल्हा)

जात्यावरच्या ओव्या हा दळण दळताना स्त्रियांनी गायिलेल्या श्रमगीतांचा मौखिक प्रकार आहे. महाराष्ट्रभर आढळणाऱ्या या प्रकाराला बीड जिल्ह्यात, विशेषतः माजलगाव येथील भीमनगर वस्तीत, आंबेडकरी आशयाचे वळण मिळाले.

स्वरूप

या गायनाला वाद्याची साथ नसते. जात्याच्या फेऱ्यांतूनच लय मिळते. एक स्त्री ओवी उचलते आणि खुंट्याला हात लावणारी दुसरी तिला साथ देते. ओवी बहुधा दोन ओळींची असून तिचा अर्थ तेवढ्यातच पूर्ण होतो. ‘बाई’, ‘गं’ यांसारखे शब्द घालून किंवा ओळीचा भाग पुन्हा म्हणून चाल जुळवून घेतली जाते. माहेर, भाऊ, लेकरे, सासुरवास आणि विठ्ठल हे नेहमीचे विषय होत. चारचौघांत बोलता न येणारे दुःख जात्यापाशी बोलता येई. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांचा वारसा ब्लूज आणि पुढे ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारांतून ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात पोहोचला. ओवी मात्र दीर्घकाळ घरातच राहिली.

आंबेडकरी ओव्या

पहिली, दुसरी, तिसरी ओवी अशा क्रमाने देवतांना ओव्या वाहण्याची जुनी रीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्मांतरानंतर बौद्ध स्त्रियांनी हा साचा कायम ठेवला, परंतु ओव्या बुद्ध, भीमराव आणि रमाबाई यांना वाहिल्या. शाळेपासून वंचित राहिलेल्या अनेक स्त्रियांनी अशा रीतीने चळवळीची स्मृती स्वतःच्या शब्दांत जपली.

संकलन

पुण्यातील समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात ओव्यांच्या संकलनास प्रारंभ केला. या प्रकल्पात एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. माजलगावातील गायिकांचे ध्वनिमुद्रण एप्रिल १९९६ मध्ये झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाने या ओव्या अनुवादांसह प्रसिद्ध केल्या.

सद्यस्थिती

पिठाच्या गिरण्या आल्यानंतर दळणाचे कष्ट कमी झाले. त्याबरोबर ओवी शिकण्याची जागाही गेली. मुली आईशेजारी जात्यावर बसून ओव्या उचलत. तो क्रम आता जवळपास खंडित झाला आहे. लग्नात हळद दळताना काही ओव्या आजही म्हटल्या जातात. ध्वनिमुद्रणामुळे शब्द आणि चाली टिकल्या असल्या, तरी प्रसंगानुसार नवी ओवी रचण्याची प्रथा दुर्मीळ झाली आहे.